मनाजोगं भाडं

ट्रक ड्रायव्हरला त्याचं आवडतं भाडं विचारलं तर तो रकमेचा आकडा सांगत नाही. तो मालाचं नाव घेतो, मग घाटाचं, मग तिकडे जेवायला काय मिळायचं ते. कराडच्या एका हुंडेकऱ्याच्या पेढीवर आमचे आबा गाडीला होते. पेढीच्या ओट्यावर भरतीची वाट बघत बसलेल्या माणसांचं बोलणं ऐकत मी वाढलो. पुढच्या नोंदी त्या बोलण्यातल्या आहेत. यातली बरीचशी भाडी आता निघत नाहीत आणि निघतात ती पहिल्यासारखी राहिलेली नाहीत.

हापूस. मार्च सरला की घाटावरच्या गाड्या कुंभार्ली उतरून कोकणात जायच्या त्या पाऊस लागेपर्यंत तिकडेच. दिवसभर बागांतून पेट्या यायच्या, दिवेलागणीला रत्नागिरी सोडायची आणि पहाटे मुंबईच्या बाजारात हजर व्हायचं. उन्हात फळ तापतं, म्हणून सगळा प्रवास रात्रीचा. हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, मग परशुराम, भोस्ते, कशेडी हे घाट, पुढे महाड, माणगाव, पेण. लाकडी पेटी, आत भाताचा पेंढा, त्यात चार ते आठ डझन फळ. गाडी भरून दिसायची, पण वजन बेताचं, त्यामुळे चढावर इंजिनाला त्रास नाही. ताडपत्री पुरती आवळायची नाही, वारा खेळता ठेवायचा. त्या वाऱ्याबरोबर वास पुढे केबिनमध्ये यायचा. बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे आणि रात्रभर जागलेले ड्रायव्हर झोपायचं सोडून ते बघत उभे राहायचे. या भाड्यात घाई होतीच, पण ती फळाची घाई होती. मालक फोनवरून लावतो ती घाई वेगळी, हे ड्रायव्हरइतकं कुणाला कळत नाही. आता पुठ्ठ्याचे खोके आले, छोटे पिकअप बागेतून थेट गिऱ्हाइकाच्या दाराशी जातात, कशेडीला बोगदा झाला. हापूस अजून मुंबईला जातो. हंगामभर कोकणात मुक्काम ठोकलेला घाटावरचा ड्रायव्हर मात्र आता कमी दिसतो.

कडबा. हे भाडं ज्याला बांधता येतं त्याचंच. सोलापूर, नगर, बार्शीकडून ज्वारीचा कडबा भरायचा आणि मुंबईच्या गोठ्यांना पोचवायचा. पेंढ्या शेकड्यावर मोजून चढायच्या. खालचे थर बुडखे बाहेर, शेंडे आत असे लागायचे. फाळक्याच्या वर आलं की माल दोन्ही बाजूंनी थोडा थोडा बाहेर काढत न्यायचा, पुढे केबिनच्या टपावर घ्यायचा. मग सोल, म्हणजे जाड दोर, टाकायचा. खालून क्लीनर आकड्यात अडकवणार, वरून ड्रायव्हर पाय रोवून ओढणार, प्रत्येक ओढीला कडबा दबून करकरणार. एक बाजू जास्त आवळली गेली की पहिल्याच वळणावर गाडी तिकडे कलते. म्हणून एक ओढ इकडे, एक तिकडे, आणि मध्ये खाली उतरून लांबून बघून यायचं. लांबून बघणं महत्त्वाचं. आबा चाळीसेक पावलं मागे जायचे, मान तिरकी करायचे, परत येऊन एकच गाठ सोडून पुन्हा मारायचे. हमालांच्या लक्षात यायचं नाही काय बदललं, पण गाडी मुंबईपर्यंत सरळ जायची. रात्री धाब्यावर थांबलं की क्लीनर वर चढून कडब्यावर झोपायचा. एवढं मऊ अंथरूण घरी कुणाकडे नव्हतं.

आता कडबा गावातच कुट्टी करून पोत्यांत भरतात किंवा मुरघास करतात. पोती कुणालाही रचता येतात.

गूळ आणि हळद. कोल्हापूरच्या शाहूपुरीतून तीस किलोचे गुळाचे रवे गुजरातला जायचे. उन्हाळ्यात गूळ पाघळायचा, फळ्या चिकट व्हायच्या, मधमाश्या नाक्यापर्यंत पाठ सोडायच्या नाहीत. तरी गूळ आवडायचा, कारण गुजरात लाइनला परतीचं भाडं हमखास मिळायचं आणि व्यापारी जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत. सांगलीची हळद भरली की पुढचे चार दिवस कपडे, पावतीपुस्तक, भाकरी सगळं पिवळं. कोणत्या लाइनला जाऊन आला हे माणसाकडे बघून कळायचं.

सिमेंट, कोळसा आणि मीठ कुणालाच आवडलं नाही. मिठाने पत्रा खाल्ला जातो, सिमेंटने छाती भरते. त्यांच्याबद्दल ओट्यावर कधी गोष्ट निघाली नाही.

बदलीचं सामान. हे भाडं मला सगळ्यांत जवळचं वाटतं, आणि ते सगळ्यांत गुपचूप गेलं. पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर, बँकेचा अधिकारी, तहसील कचेरीतले अव्वल कारकून, हायस्कूलचे हेडमास्तर. यांची बदली झाली की पेढीवर निरोप यायचा आणि गाडी त्यांच्या दारात लागायची. वजन काहीच नाही. लोखंडी कपाट, दोन खाटा, शिवणयंत्र, धान्याचे डबे, पुस्तकांची खोकी, सायकल. पण भरायला एखाद्या भारी मालाइतका वेळ. काय आधी ठेवायचं, काय शेवटी, हे घरातल्या बाईंना विचारून करावं लागायचं, कारण मुक्कामाला पोचल्यावर पहिल्यांदा काय लागणार ते त्यांनाच ठाऊक. स्टो, चहा-साखरेचे डबे, पोळपाट-लाटणं आणि एक गादी अगदी फाळक्याशी. आरसा चादरीत गुंडाळून गाद्यांच्या मध्ये. देव बाईंच्या पिशवीत. तुळशीची कुंडी मात्र मागे ठेवायला कुणी तयार नसायचं; ती केबिनमध्ये क्लीनरच्या दोन पायांत. घरची मंडळी एस.टी.ने पुढे जायची. साहेब ड्रायव्हरशेजारी बसायचे, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ घेऊन.

ऑफिसात ज्यांच्यासमोर उभं राहून बोलावं लागतं असा माणूस रात्रभर शेजारी बसलाय, आणि घाटात गाडी गरम झाल्यावर स्वतःहून कॅन घेऊन पाणी आणायला उतरतोय. आबांना याचं अप्रूप होतं. त्या रात्री साहेब मुलीच्या स्थळांविषयी बोलायचे, बदली का झाली ते बोलायचे. पोचल्यावर नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालवायचे आणि त्याच पातेल्यातल्या दुधाचा पहिला चहा ड्रायव्हर-क्लीनरला. घरातल्यांच्याही आधी. पुढे कधी त्या गावावरून गाडी निघाली तर आबा पाच मिनिटं दारात थांबून यायचे. बाई तुळशीला कसं मानवलं ते सांगायच्या.

आता ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ येतात. सामान नंबर लावलेल्या खोक्यांत जातं, आरसा फुटला तर विमा असतो. सामानाची काळजी आता जास्त घेतली जाते, हे मान्य. घरमालक विमानाने किंवा आपल्या गाडीने जातो आणि ट्रकमध्ये कुणाचं घर आहे हे ड्रायव्हरला कागदावर वाचावं लागतं.

वऱ्हाडाचा ट्रक गेला हे बरंच झालं. हौद्यात पेंढा पसरून वर सतरंज्या, त्यावर साठ-सत्तर माणसं, बायका-पोरं पुढे केबिनच्या आडोशाला, गडीमाणसं फाळक्याला धरून उभी. नवरदेव आणि करवली केबिनमध्ये. ड्रायव्हरला टॉवेल-टोपी, नारळ, पंगतीत वरचं पान. सगळे खुशीत असायचे आणि त्या खुशीतच अपघात झाले.  मालट्रकमधून माणसं नेणं तेव्हाही बेकायदाच होतं. पेढीवरचे जुने ड्रायव्हर या भाड्याच्या आठवणी काढतात, पण ते परत यावं असं त्यांतला कुणी म्हणताना मी ऐकलं नाही.

तमाशाचा फड. दसऱ्याला फड बाहेर पडणार, वैशाखातल्या जत्रा संपेपर्यंत रोज नवं गाव. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात आणि त्या सुपाऱ्यांवर गाड्यांचा मार्ग ठरतो. कनाती, खांब, फळ्या, जनरेटर, कपड्यांच्या पेट्या, भांडीकुंडी आणि माणसं. खेळ पहाटेला संपायचा, उन्हं वर यायच्या आत तंबू उतरून गाडीत. दुपारी पुढच्या गावात तोच तंबू पुन्हा उभा. फडाबरोबर ड्रायव्हर हंगामभर राहायचा, म्हणून तो फडातलाच होऊन जायचा. एखादा शिपायाचं काम करणारा आजारी पडला तर त्याला दोन वाक्यांसाठी स्टेजवरही उभं करायचे. विठाबाई नारायणगावकरांच्या काळापासून गाडीवर असलेले एक काका ओट्यावर येत. वग त्यांना तोंडपाठ होते. ते सांगायला लागले की बाकीचे भाडं ठरवायचं विसरायचे. फड आजही निघतात, पण थोडे, आणि जत्रेत ऑर्केस्ट्रा स्वस्त पडतो.

त्याच जत्रांत टूरिंग टॉकीजच्या गाड्याही असायच्या. जुन्या ट्रकच्या हौद्यातच प्रोजेक्टर बसवलेला, समोर तंबू, तंबूत पडदा. गाडी चालवणाऱ्याला रात्री रीळ लावता आलं पाहिजे ही अट. रिळं बंद होऊन सिनेमे डिजिटल झाले तशी ही मशीनं गंजत पडली. कान महोत्सवासाठी निवडला गेलेला 2016चा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट याच लोकांवर आहे. ज्यांनी ते तंबू पाहिले नाहीत त्यांनी तो जरूर बघावा.

पेणचे गणपती. पेंढा घालून मूर्ती बसवायच्या, सोंडेला आणि हातांना कशाचाही दाब नको. मुंबई-गोवा रस्त्याचे खड्डे पावसात कसे असतात ते सांगायला नको. गाडी इतकी हळू की सायकलवाले पुढे निघून जायचे, आणि मागचे लोक एरवी हॉर्नने जीव खातात ते, ताडपत्रीखाली काय आहे हे कळलं की गप्प राहायचे. आबा त्या प्रवासात चपला काढून गाडी चालवायचे. एखादी मूर्ती दुखावली तर त्यांना दोन-दोन दिवस जेवण जायचं नाही.

हे सगळं सांगितलं की लोक म्हणतात, आता ड्रायव्हर सुखी आहे. काही बाबतींत आहेच. पॉवर स्टिअरिंगने खांदे वाचले. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तो फार आधी व्हायला हवा होता. मे महिन्यात इंजिनाच्या धगीशेजारी बारा-बारा तास बसलेली माणसं मी पाहिली आहेत. जकात नाके गेले, मुंबईचा शेवटचा 2017 साली जीएसटीबरोबर गेला, आणि त्यांच्यासाठी कुणी हळहळू नये. रात्र रात्र रांगेत घालवून वर चिरीमिरी द्यावी लागायची.

पण नाक्यावरच्या लाचेबरोबर ड्रायव्हरच्या हातातला वेळही गेला. 2018 पासून ई-वे बिल आलं. साध्या मालाला दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत. तेवढ्यात अंतर सहज कापून होतं, पण फोनवर गाडीचा ठिपका बघत बसलेला मालक त्यातलाही तास सोडत नाही. बहिणीच्या गावावरून जाताना गाडी तासभर थांबली तर विचारणा होते. पूर्वी मालक फक्त माल पोचला का ते विचारायचा. वाटेत काय केलं ते ड्रायव्हरचं. आवडत्या भाड्याची प्रत्येक गोष्ट त्या वाटेतच घडलेली आहे. समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर 2025च्या जूनमध्ये पूर्ण झाले. वेळ वाचतो, पण त्या सरळ रस्त्यावर डोळ्यांवर झापड येते असं ड्रायव्हर सांगतात.

आणि क्लीनर. कितीतरी मालकांनी खर्चात पहिली काट त्याच्यावर मारली. टायरला टिकावाच्या दांड्याने ठोकून हवा ओळखणं, सोल कसा टाकायचा, कोणत्या घाटात कुठे दुसरा गिअर घ्यायचा, हे तो वस्तादाकडून शिकायचा. शिव्याही खायचा, क्वचित मारही, त्याचं समर्थन नाही. पण आज एकटा ड्रायव्हर रात्री दोन वाजता कंटेनर चालवतोय आणि शेजारची सीट रिकामी आहे, हेही चांगलं म्हणता येणार नाही.

एक भाडं टिकून आहे. आषाढीला दिंडीबरोबर जाणारा ट्रक. आळंदी ते पंढरपूर, एरवी सहा-सात तासांची वाट, इथे अठरा-वीस दिवसांची. वळकट्या, शिधा, मोठी पातेली आणि राहुट्या घेऊन गाडी पुढच्या मुक्कामाला जाते, वारकरी चालत पोचेपर्यंत राहुट्या उभ्या आणि चुलीवर आमटी. लहानथोर सगळे ड्रायव्हरला ‘माउली’ म्हणतात. वर्षभर ‘ए ड्रायव्हर’ ऐकलेल्या माणसाला ते कानाला कसं लागत असेल. पैसे बेताचे सुटतात, चिखलात गाडी रुतते, तरी पेढीवर या भाड्यासाठी आधीच्या कार्तिकीपासून सांगून ठेवतात. गेल्या वर्षी दोघांत त्यावरून भांडण झालं. शेवटी एकाने आळंदी ते फलटण आणि दुसऱ्याने तिथून पुढे गाडी चालवायची असं ठरलं, आणि मालकाने ते मान्य केलं.