पहिली गोळी आणि दहावी गोळी

रायफल घ्यायला निघालेल्या माणसाला मी आधी एकच विचारतो: तुला पहिली गोळी हवी की दहावी? शिकारीत पहिलीच गोळी खरी. पहाटेच्या थंडीत गारठलेल्या नळीतून सुटलेली ती एक गोळी हरणाच्या छातीत नेमकी बसली पाहिजे. दुसरी संधी मिळेल याचा भरवसा नसतो, आणि जखमी जनावर रानात तडफडत ठेवण्यासारखं पाप नाही. निशाणाच्या कागदापुढे मात्र बारामागून बार काढायचे असतात आणि तापत गेलेल्या नळीनं दहावी गोळीही पहिलीच्या शेजारी नेऊन बसवायची असते. एकाच बोल्ट-ॲक्शन रायफलीकडून ही दोन्ही कामं हवीत आणि तीही बेताच्या पैशांत, हेच गाऱ्हाणं घेऊन इथे पेनसिल्व्हेनियात दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी माझ्याकडे येतं.

ते आता अवघड राहिलेलं नाही. का नाही, ते सांगताना मला फार आनंद होतो, कारण माझी उमेदीची वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर गेली आणि ही सगळी करामत लेथवाल्याला कळणारी आहे. काडतूस नळीच्या मागच्या घरात जिथे अडून थांबतं तिथपासून बोल्टच्या तोंडापर्यंत किती अंतर आहे, यावर रायफलीची अचूकता आणि चालवणाऱ्याचा जीव दोन्ही अवलंबून असतात. या मापाला हेडस्पेस म्हणतात. जुन्या रिवाजात नळीला खांदा काढायचा, तो रिसीव्हरवर, म्हणजे नळी ज्यात बसते त्या सांगाड्यावर, टेकवून नळी घट्ट आवळायची आणि मग आतलं घर रीमरनं बेताबेतानं कोरत माप जमवायचं. कसबी हात हवा, वेळ हवा, म्हणजे पैसा हवा. १९५८ साली निकोलस ब्रूअरच्या आराखड्यावर सॅव्हेज कंपनीनं ११० हे मॉडेल काढलं, त्यात नळीला खांदाच ठेवला नाही. घरात गेज ठेवायचा, बोल्ट बंद करायचा, नळी गेजला टेकेपर्यंत फिरवायची आणि मोठ्या नटानं जागच्या जागी कसायची. कारागिराच्या बोटांतलं कसब गेजमध्ये आलं. शिवाय बोल्टचं डोकं वेगळं आणि किंचित हलतं ठेवल्यामुळे त्याचे दोन्ही लग, म्हणजे बोल्टला जागी अडकवणारे कान, आपसूक सारखे टेकतात. एरवी त्यासाठी हातानं घासत बसावं लागतं. स्वस्त रायफल नेमकी असू शकते, याचं मूळ मला या नटात दिसतं. पुढे रुगरच्या अमेरिकन मॉडेलनंही नटाचीच वाट धरली. फिनलंडच्या टिक्का रायफलींची नळी थंड पोलादावर आतल्या साच्याभोवती हातोड्यांचा मारा करून घडवतात. त्या जरा महाग पडतात, पण त्यांचा बोल्ट मागेपुढे करून पाहिला की पैसे कशाचे ते हाताला कळतं.

टिक्काचे कारखानदार तीन गोळ्यांचा एक एमओए गट हमखास देऊ म्हणतात. गट म्हणजे कागदावर उमटलेल्या भोकांचा पुंजका, आणि एक एमओए म्हणजे शंभर गजांवर साधारण एक इंच. शब्द चांगला आहे, पण त्यातल्या 'तीन'कडे नीट बघावं. कुठलीही रायफल घ्या, तिच्या तीन गोळ्यांचा गट सरासरी एक इंचाचा असेल तर त्याच रायफलीच्या दहा गोळ्या दीड इंचाहून अधिक पसरतात. यात रायफलीचा दोष नसतो, हे साधं संख्याशास्त्र आहे. म्हणून पाकिटात घडी करून ठेवलेला तीन भोकांचा कागद कुणी दाखवला की मी त्याला म्हणतो, आणखी सात बार काढ, मग बोलू.

दहा बार काढले की नळीचं वजन बोलू लागतं. शिकारीसाठी डोंगर चढायचा म्हणून नळी बारीक करतात. ती चार-पाच बारांत हात लावता येणार नाही इतकी तापते, आणि तिच्या पोलादात घडवताना राहून गेलेला ताण असेल तर गोळ्या हळूहळू एका बाजूला सरकत जातात. जाड नळी सावकाश तापते, पण दिवसभर खांद्यावर वागवायची म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही कामांना एकच रायफल हवी असेल तर मधल्या जाडीची नळी घ्यावी आणि चांदमारीवर दोन बारांच्या मधे नळीला निवू द्यावं. धीर फुकट मिळतो, त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

गेल्या उन्हाळ्यात हॅरिसबर्गचा एक मराठी मुलगा नवी कोरी रायफल घेऊन आला. "काका, गट कधी एक इंच, कधी तीन इंच. दुकानात परत करू का?" मी खिशातली कागदाची पट्टी नळी आणि कुंदा यांच्यामधे सरकवली. रिसीव्हरच्या दिशेनं ती सुळकन जायला हवी होती, ती निम्म्यावर अडली. डाव्या अंगाला प्लॅस्टिकचा कुंदा नळीला चिकटत होता आणि रायफल वाळूच्या पिशवीवर जरा इकडेतिकडे ठेवली की त्याचा दाब बदलत होता. नळी मोकळी राहिली तरच ती दर बाराला सारखी थरारते. आम्ही कुंदा उतरवला, गोल दांड्याला सँडपेपर गुंडाळून खाच थोडी रुंद केली आणि कुंद्याचे स्क्रू कंपनीनं दिलेल्या मापाला टॉर्क रेंचनं पुन्हा कसले. कागद सुळकन गेला. खर्च एका सँडपेपरचा.

दुकानात ट्रिगर मात्र स्वतः ओढून बघावा, अर्थात रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री करून आणि दुकानदाराला विचारून. या शतकाच्या सुरुवातीला सॅव्हेजनं ॲक्यूट्रिगर आणला, तेव्हापासून स्वस्त रायफलीतही हलका, स्वच्छ सुटणारा ट्रिगर मिळू लागला. सात-आठ पौंडांच्या रायफलीचा ट्रिगर ओढायला पाच-सहा पौंड जोर लागत असेल तर सुटायच्या क्षणी नेम हललाच.

काडतुसाबद्दल लोक तासन्‌तास वाद घालतात. मला त्यात गोडी नाही. .३०८ विंचेस्टर १९५२ पासून आहे आणि गावोगावच्या दुकानात मिळतं, ६.५ क्रीडमोरचा धक्का त्याहून कमी बसतो, म्हणून नवशिक्याला मी क्रीडमोरच सुचवतो. मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या काडतुसांची एकेक पेटी आणून आपल्या नळीला कुठलं मानवतं ते पाहावंच. एकाच रायफलीचा गट काडतूस बदलताच अर्ध्यावर आलेला मी पाहिला आहे.

रायफल नेमबाज स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक जिंकला, तेव्हा राधानगरीच्या त्या पोरासाठी मी इथे पेढे वाटले. त्याच्या आधी, २०१० साली म्युनिकला आमच्या कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत विश्वविजेत्या झाल्या होत्या. त्यांच्या प्रकारात पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, एखाद्या मोठ्या मण्याएवढं. तिथे लाखोंची रायफल लागते आणि ते पैसे वाया जात नाहीत. भारतात १९७२ च्या कायद्यानं शिकार थांबली ते योग्यच झालं. तिथली नेमबाजी आता निशाणाच्या कागदावरच चालते. इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीत मर्माची जागा आठ ते दहा इंचांची असते. तेवढ्यासाठी चार-पाचशे डॉलरांची रायफल पुरेपूर नेमकी आहे. उरलेले पैसे चांगल्या दुर्बिणीवर आणि तिच्या माउंटवर घालावेत, आणि त्याहून जास्त काडतुसांवर. पेनसिल्व्हेनियात परवान्याआधी हंटर-ट्रॅपर शिक्षणाचा वर्ग करावा लागतो आणि बंदुकीच्या हंगामात अंगावर किमान २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कपडा घालावा लागतो. त्याचाही खर्च धरावा.

हंगामाच्या तोंडावर बहुतेक जण हौसेनं नळी घासूनपुसून लख्ख करतात. तेलानं पुसलेल्या नळीतून सुटलेली पहिली गोळी बऱ्याचदा नेहमीच्या जागेपासून हटून पडते. मी शेवटची सफाई झाल्यावर चांदमारीवर जाऊन काही बार काढतो आणि नळी तशीच ठेवतो. मग पुढचे काही दिवस रोज सकाळी जाऊन, गार नळीतून, त्याच कागदावर एकच गोळी. या एकेकट्या गोळ्यांनी मिळून जो गट होतो, त्याच्या मध्याला मी दुर्बिणीचा नेम लावतो.