नवे बिऱ्हाड

माणसाने घर बदलावे, गाव बदलावे, फार तर चहाची वेळ बदलावी. पण साठीनंतर ऑपरेटिंग सिस्टिम बदलू नये, असे आमच्या शेजाऱ्यांचे मत आहे. मी बदलली. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुढच्या आवृत्तीच्या अटींत माझा संगणक काही बसेना. म्हणजे हातपाय धड, डोके ठिकाणावर, तरी निवृत्त! हे दुखणे माझ्या परिचयाचे. म्हटले, याला दुसरी नोकरी लावून देऊ. आणि लिनक्सपैकी उबुंटू टाकले. या लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. पोराने गाभा लिहिला, पण माझ्या वयाचा विचार केला नाही.

इथे सगळे आहे, पण जागेवर नाही. नव्या सुनेला सासरच्या फडताळात हिंगाचा डबा सापडू नये, तशी गत. सी ड्राइव्ह नाहीच. सारा संसार एका तिरप्या रेघेपासून सुरू. फाइलच्या नावात इंग्रजी अक्षर लहानाचे मोठे झाले, की ती फाइलच निराळी! टर्मिनलमध्ये 'सुडो' म्हटले की पासवर्ड मागतात, पण टाइप करताना माझ्याकडे एक ठिपकासुद्धा उमटत नाही. नवस बोलल्यासारखे मनात बोलायचे आणि एंटर दाबायचे.

महिन्याभरात बोटांना हिंगाचा डबा सापडू लागला. परवा सौ. दारात उभी राहून म्हणाली, "बरा चालतोय की हो अजून!"

कोणाबद्दल, ते मी विचारले नाही.