तेल पडते खाली, गळते वरून

मागच्या रविवारी आम्ही आमच्या मेहुण्यांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीतून कुर्ल्याला गेलो होतो. रोज सकाळी गाडीखाली तेलाचे थेंब दिसत. घराजवळच्या गॅरेजवाल्याने इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर ओल पाहिली आणि "क्रँकचे सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असे सांगून टाकले. खर्च ऐकून ताईचा चेहरा उतरला. भाचीच्या कॉलेजची फी त्याच महिन्यात भरायची होती. गाडी भंगारात द्यावी, इथपर्यंत बोलणे आले.

कुर्ला म्हणजे या गाडीचे माहेर. लालबहादूर शास्त्री मार्गावर प्रीमियरचा कारखाना होता; आज त्या जागेवर कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तरी सी.एस.टी. रोडच्या सुट्या भागांच्या दुकानांमागे, एका गल्लीत, या इंजिनाची नस ओळखणारे एक वयस्कर मिस्त्री आम्हांला भेटले.

त्यांनी पान्याला हातच लावला नाही. आधी चिंधी आणि डिझेलचा ब्रश घेतला, इंजिन स्वच्छ धुऊन कोरडे केले. मग पंधरा मिनिटे चालू ठेवून बॅटरीच्या उजेडात वरपासून खालपर्यंत पाहिले. "साहेब, तेल खाली पडते, पण गळते वरून. ओल दिसली तिथे दुखणे असतेच असे नाही," असे ते म्हणाले.

झालेही तसेच. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून तेलाची बारीक रेघ निघून इंजिनच्या पाठीवरून खाली उतरत होती. कव्हरखालचे कॉर्कचे पॅकिंग उन्हातल्या चामड्यासारखे कडक झाले होते. इंजिन गार झाल्यावर मिस्त्रींनी कव्हर काढले, जुने पॅकिंग खरवडून दोन्ही पृष्ठभाग पुसले, नवे बसवले. नट थोडे थोडे करून सारखे आवळले. जोर करून आवळले तर कॉर्क चिरडते, कव्हर वाकते आणि गळती वाढते. खालच्या चेंबरचे सैल बोल्टही त्यांनी तसेच आवळले. शेवटी ब्रीदर पाइप साफ केला. तो तुंबला की आतला वायू कोंडतो आणि तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो.

सगळे मिळून साडेसहाशे रुपये झाले. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवला. सकाळी त्यावर एकच थेंब होता. मेहुण्यांनी मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "जुने इंजिन आहे, एवढे चालायचेच. दर आठवड्याला डिपस्टिक पाहत जा. मात्र चालत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला, तर तिथेच इंजिन बंद करा."

भाचीची फी वेळेवर भरली गेली. वाचक बंधु-भगिनींनो, कुणी मोठा खर्च सांगितला तर लगेच मान डोलावू नका. आधी पुसून घ्या, पुठ्ठा ठेवा, आणि गळती कुठून सुरू होते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.