तेरा बोल्ट

मोटारीच्या गिअरबॉक्सवर लेख लिहिण्याचा माझा अधिकार काय, असें कोणी विचारील तर मजजवळ उत्तर नाहीं. उभ्या आयुष्यांत सायकल सोडून दुसरें वाहन मीं चालविलें नाहीं, आणि नोकरीचीं सारीं वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत गेलीं. परंतु सन २०२३ च्या उन्हाळ्यांत माझ्या हातून एक चूक घडली, ती ह्या विषयांतली आहे. आणि चूक सांगावयाची म्हणजे विषयहि सांगितला पाहिजे.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा अमेरिकेंत मिशिगन प्रांतीं, डेट्रॉइट शहराजवळ राहतो. त्याच्याकडे मी तीन महिने होतों. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचें माहेरघर. तेथल्या पाण्याचाच गुण म्हणावयाचा, पुतण्यास जुन्या, जोरकस गाड्यांचा नाद लागला आहे. त्याच्या गॅरेजांत शेव्हरोले कंपनीची १९७० सालची शेवेल उभी असते. तिचें इंजिन ४५४ घनइंचांचें, म्हणजे सुमारें ७.४ लिटरचें, आपल्याकडील लहान घरगुती मोटारींचीं सहा इंजिनें एकत्र केलीं तर तेवढें भरेल. इंजिन ठीक होतें, पण गिअरबॉक्सचें आधींच्या मालकानें वाटोळें केलें होतें. तशाच जातीचा दुसरा जुना गिअरबॉक्स मिळविणें हें त्या उन्हाळ्यांत घरचें एक कार्यच होऊन बसलें. सूनबाईस हा नाद फारसा रुचत नाहीं. पण ती बोलून दाखवीत नाहीं.

स्वयंचलित गिअरबॉक्स म्हणजे काय, हें पुतण्यानें मला एका रात्रीं जेवणें झाल्यावर समजावून दिलें. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. येथें वाऱ्याच्या ठिकाणीं तेल असतें. इंजिनाचें चक्र तेल फेंकतें आणि त्या तेलानें पुढचें चक्र फिरतें. म्हणून पायानें क्लच दाबण्याचें कारण उरत नाहीं. हेर्मान फॉटिंगर नांवाच्या जर्मन अभियंत्यानें १९०५ साली ह्या कल्पनेचें पेटंट घेतलें. आणि मोठ्या संख्येनें विकला गेलेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स जनरल मोटर्सनें १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसविला, त्याचें नांव हायड्रामॅटिक. तेलाच्या मागें दांत्यांच्या चक्रांची मांडणी असते. मध्यें सूर्यचक्र, त्याभोंवतीं फिरणारीं ग्रहचक्रें, आणि सर्वांना वेढणारें दातेरी कडें. ह्यांतले एकास धरून ठेवावें, दुसऱ्यास फिरवावें, कीं तिसरें वेगळ्या गतीनें फिरतें. हीं नांवें इंग्रजींतहि सूर्य आणि ग्रह अशींच आहेत, हें ऐकून मला मोठी मौज वाटली.

हॉवर्ड सिम्प्सन नांवाच्या एका अमेरिकन अभियंत्यानें अशा दोन ग्रहमाला एकाच सूर्यावर बसविण्याची युक्ति काढली. तीवर तीन पुढचे गिअर मिळतात. क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट, फोर्डचे सी-४ आणि सी-६, जनरल मोटर्सचे टर्बो-हायड्रामॅटिक ४०० आणि ३५० हे सारे त्याच युक्तीवर चालतात. त्यामुळें आंतून हे एकमेकांचे भाऊच. पहिल्या गिअरांत इंजिनाचे किती फेरे झाले म्हणजे मागच्या दांड्याचा एक फेरा होतो, हें पाहिलें तर ४०० चे २.४८, ३५० चे २.५२, टॉर्कफ्लाइटचे २.४५ आणि सी-६ चे २.४६. इतका जवळपणा असल्यावर ओळख बाहेरूनच करावी लागते. आणि ओळख चुकली तर भोगावें लागतें. कारण शक्ति पेलण्याच्या बाबतींत हे भाऊ सारखे नाहींत. ४०० हा १९६४ सालापासूनचा, अवजड आणि भारी इंजिनांसाठींच घडविलेला. रोल्सरॉईस कंपनीनें आपल्या सिल्व्हर शॅडो गाडीस आणि फेरारीनें १९७६ सालच्या एका गाडीस हाच लावला. ३५० हा १९६९ सालचा, हलका, आणि स्वतः फिरण्यांत शक्तिहि कमी खाणारा. मध्यम इंजिनास उत्तम, पण आंतले भाग न बदलतां ४५४ च्या मागें लावला तर फार दिवस टिकावयाचा नाहीं. त्यांत आणखी घोंटाळा असा कीं, ३५० घनइंचांचें इंजिनहि ह्याच कंपनीचें प्रसिद्ध आहे, आणि त्या आंकड्याचा ह्या आंकड्याशीं कांहीं संबंध नाहीं.

जुलै महिन्यांत ओहायोच्या सीमेजवळ एका शेतावर ४०० विकावयास असल्याचें कळलें. पुतण्या कामानिमित्त परगांवीं होता, आणि त्याच सायंकाळीं दुसरें गिऱ्हाईक येणार होतें. तेव्हां सूनबाईनें गाडी काढली, मी नि बारा वर्षांचा नातू तिच्याबरोबर गेलों. धाकटी मुलगी झोंपली होती म्हणून सूनबाई गाडींतच थांबली. पुतण्यानें फोनवर सांगितलें होतें, "काका, खालच्या तेलाच्या तबकाला तेरा बोल्ट असतील. तबकाचा आकार पाहा. डाव्या अंगास विजेच्या तारेचें टोंक पाहा. उजवीकडे पत्र्याची पट्टी असेल ती वाचा."

त्या शेतावरच्या कोठारांत फोन लागत नव्हता. गिअरबॉक्स आडवा ठेवलेला होता. मीं चष्मा पुसून बोल्ट मोजले, दोनदां मोजले, तेरा भरले. संख्या जुळली आणि माझें मन तेथेंच स्वस्थ बसलें. विकणारा गृहस्थ वयोवृद्ध, बोलण्यांत आर्जवी. "चारशें," असें त्यानें छातीस हात लावून सांगितलें. त्याची स्वतःचीहि तशी समजूत असेल. पट्टी नव्हती, पण ती पुष्कळदां पडून जाते असें तो म्हणाला, आणि तें खोटें नाहीं.

इतक्यांत नातू माझी बाही ओढून म्हणाला, "आजोबा, हें टेक्सास नाहीं."

मला वाटलें, पोराचें कांहींतरी भलतेंच. परक्या मनुष्यासमोर मीं त्यास शाळेंतल्या आवाजांत म्हटलें, "मोठ्यांच्या व्यवहारांत मध्यें बोलूं नये." तो गप्प झाला. मीं ९०० डॉलर मोजून दिले.

पुतण्या शुक्रवारीं रात्रीं आला, बॅटरी घेऊन गॅरेजांत गेला आणि पांच मिनिटांत परत आला. मला विचारूं लागला, "काका, तुमचें जेवण झालें ना?" एवढेंच. दुसऱ्या दिवशीं मींच खोदून विचारलें, तेव्हां त्यानें सांगितलें कीं, तो ३५० आहे. दोघांच्याहि तबकांस तेराच बोल्ट असतात. ३५० चें तबक जवळजवळ चौकोनी, एक कोपरा कापलेला. ४०० चें वेडेंवांकडें, टेक्सास प्रांताच्या नकाशासारखें, असें तिकडचे लोक म्हणतात. मुलास शाळेंत प्रांतांचे नकाशे पाठ करावयास लावतात, म्हणून बापानें त्यास ही खूण सांगून ठेवली होती.

तें ऐकून मला जी लाज वाटली ती पैशांची नव्हे. पुष्कळ वर्षें सायंकाळीं घरीं येणाऱ्या दोन-चार मुलांस मीं तर्कसंग्रह सांगितला आहे. लक्षणाचे तीन दोष मीं इतक्या वेळां शिकविले कीं, झोंपेंतहि सांगेन. तांबूस रंग हें गाईचें लक्षण केलें तर पांढरी गाय सुटते, ती अव्याप्ति. शिंगें हें लक्षण केलें तर म्हैसहि गाय ठरते, ती अतिव्याप्ति. अखंड खूर हें लक्षण केलें तर एकहि गाय सांपडत नाहीं, तो असंभव. आणि प्रत्यक्ष बाजारांत उभा राहिलों, तेव्हां मीं शिंगें मोजून म्हैस घेतली.

पण ह्याहून एक गोष्ट मनास अधिक लागली. मुलानें तीन दिवस ब्र काढला नव्हता. "मीं सांगितलें होतें," असें बापास, आईस कोणासहि तो म्हणाला नाहीं. रविवारीं जेवतांना मींच सर्वांदेखत सांगितलें कीं, ह्यानें ओळखलें होतें आणि मीं त्यास गप्प केलें, चूक माझी. त्यानें ताटांतून मान वर केली नाहीं. नुसतें "इट्स ओके, आजोबा" म्हणाला. सूनबाईनें त्याला न मागतां आणखी एक पोळी वाढली.

पैसे भरून देण्याची माझी गोष्ट पुतण्यानें ऐकून घेतली नाहीं. तो ३५० त्यानें आहे त्याच नांवानें, लहान इंजिनाच्या गाडीसाठीं, एका तरुणास ५०० डॉलरांस दिला.

त्यानंतर मी नातवाचा विद्यार्थी झालों. ऑगस्टमध्यें वुडवर्ड मार्गावर जुन्या मोटारींची मोठी जत्रा भरते. ती १९९५ सालीं सुरू झाली. हौशी मालक गाडीखालीं आरसे ठेवतात, म्हणजे लोकांस पोटाकडची बाजू दिसावी. आम्ही आरशांतून तबकें पाहत हिंडलों. पॉवरग्लाइडला चौदा बोल्ट आणि पुढचे गिअर दोनच; तो १९५० पासून १९७३ पर्यंत निघाला, आणि थोड्या अंतराच्या शर्यतींत लोकांस अजूनहि प्रिय आहे. क्रायस्लरच्या ७२७ लाहि चौदाच. सोळा बोल्टांचे पुन्हा दोन, ७००-आर-४ आणि २००-४-आर. दोघांसहि चौथा गिअर, त्यामुळें लांबच्या प्रवासांत इंजिन संथ फिरतें. पैकीं पहिला १९८२ सालचा, पहिल्या गिअरांत ३.०६ चा दम असलेला. पण पहिल्यावरून दुसऱ्यावर येतांना गति फार तुटते, आणि पायाच्या दाबाची खबर नेणारी तार नीट जुळविली नाहीं तर आंतले क्लच लवकरच जळतात. २००-४-आर मध्यें तें अंतर कमी आहे. १९८७ सालच्या ब्यूइक ग्रँड नॅशनल गाडींत हाच असे. फोर्डच्या सी-६ ला सतरा बोल्ट, सी-४ ला अकरा. मोजणाराची सोय पाहावी ती फोर्डनेंच. प्रत्येक आरशापाशीं मी आधीं मुलास विचारी, मग बोलें.

मी सप्टेंबरांत घरीं परतलों. ऑक्टोबरच्या अखेरीस नातवानें फोनवर एक छायाचित्र पाठविलें. गॅरेजांतल्या फरशीवर गिअरबॉक्स उताणा ठेवलेला, खालीं अक्षर लिहिलेलें नाहीं. मीं चष्मा पुसला. टेक्सास होतें. तरी चित्र मोठें करून उजवी बाजू पाहिली. पट्टी शाबूत होती.