आजीची विळी आणि आमचा ग्राइंडर

तुमच्या घरी विळी आहे का? नसेल तर सांगते. लाकडाची एक फळी, तिच्यावर उभं बसवलेलं वाकडं पातं आणि पात्याच्या टोकाला खोबरं खवायला दातेरी खवणी. सुरीने कापताना सुरी हलते. विळीवर कापताना विळी जागेवरच असते, आपण भाजी हलवतो. आजी जमिनीवर बसून, एक पाय फळीवर ठेवून सुरमई कापते तेव्हा बघत राहावंसं वाटतं.

मी मस्कतमध्ये जन्मले. आमचं घर रुवीमध्ये आहे. मी अकरावीत असताना आजी रत्नागिरीहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. येताना तिने तिची विळी आणली. जुन्या लुगड्यात गुंडाळून, मोठ्या बॅगेत, लोणच्याच्या बरण्यांच्या मध्ये. आई म्हणाली, "अहो, इथे सगळं मिळतं!" आजी म्हणाली, "विळी मिळते?" आई गप्प.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी मत्रहच्या मासळीबाजारातून सुरमई आणली. आजीने दोन तुकडे केले आणि विळीकडे रागाने बघितलं. "धार गेलीय गो हिची. इथे धारवाला येत नाही?"

धारवाला म्हणजे सायकलवर दगडाचं चाक लावून गल्लीगल्लीत फिरणारा माणूस. पायडल मारलं की चाक फिरतं, आणि तो सुऱ्या, कात्र्या, विळ्यांना धार लावून देतो. रुवीत मी असा माणूस कधी बघितला नव्हता. पण मी लगेच म्हटलं, "मी लावून देते ना!"

हे म्हणायला कारण होतं. बाबांना सुऱ्या बनवायचा नाद आहे. वादी कबीरच्या गॅरेजांच्या भागात त्यांच्या एका केरळी मित्राचं वर्कशॉप आहे. आम्ही त्यांना चेट्टा म्हणतो. त्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात बाबा आणि मी दर शुक्रवारी बेल्ट ग्राइंडर जुळवत होतो. तीन चाकं, एक मोटर आणि त्यांच्यावरून फिरणारा खरखरीत पट्टा. पट्टा ५० मिलिमीटर रुंद, आणि सरळ केला असता तर बाबांपेक्षाही लांब. जुन्या गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा त्या पट्ट्यावर घासून सुरीचा आकार द्यायचा, असा बेत होता.

ग्राइंडर जुळवणं मला वाटलं त्यापेक्षा खूप अवघड निघालं. मोटर लावली, चाकं लावली, बटण दाबलं, आणि पट्टा सुर्रकन बाजूला सरकून चेट्टांच्या चहाच्या पेल्यावर जाऊन पडला. चहा गेला. चेट्टा हसले, बाबा नाही हसले.

मग कळलं की वरचं चाक अगदी सपाट असून चालत नाही. ते मध्ये थोडं फुगीर लागतं. फिरणारा पट्टा चाकाच्या उंच भागाकडे चढतो, म्हणून तो मध्यावर राहतो. ऐकायला उलटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. शिवाय ते चाक एका स्क्रूने किंचित डावीउजवीकडे कलवता आलं पाहिजे. आणि बटण दाबायच्या आधी पट्टा हाताने फिरवून बघायचा, हे आम्ही चहा सांडल्यावर शिकलो.

दुसरी चूक दिशेची. पट्टा आपल्या समोर वरून खाली जायला हवा, म्हणजे ठिणग्या जमिनीकडे जातात. आमचा खालून वर जात होता. ठिणग्या थेट माझ्या चष्म्यावर! चेट्टांनी मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि चाक उलटं फिरू लागलं.

नियम बाबांनी भिंतीवर लिहिले होते. केस बांधायचे. ओढणी नाही. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क. आणि हातमोजे घालायचे नाहीत. हा शेवटचा नियम ऐकून सगळे चकित होतात. पण पट्टा कापड पकडतो, आणि कापडाबरोबर हात ओढतो.

तर मी विळीचं पातं फळीपासून सोडवलं आणि शुक्रवारी वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. बाबा फोनवर बोलत बाहेर उभे होते. थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. ग्राइंडरवर जुना, झिजलेला पट्टा होता, तो बदलायचाही मला कंटाळा आला. पातं लावलं. काय सुंदर ठिणग्या! पाच सेकंद, दहा सेकंद. मग कडेला पिवळसर रंग आला. मग तपकिरी. मग निळा.

मला तो निळा रंग आवडला. खरंच. मी बाबांना दाखवायला गेले, आणि त्यांचा चेहरा पाहून थांबले.

विळीच्या पात्याला लोहार पाणी पाजतो. म्हणजे पातं लालबुंद तापवतो आणि एकदम थंड करतो. त्याने पोलाद कडक होतं आणि धार टिकते. पण तेच पातं नंतर पुन्हा जास्त तापलं, तर कडकपणा निघून जातो. निळा रंग म्हणजे साधारण ३०० अंश. बाबांनी वहीत हिशोब करून दाखवला. आमची मोटर मिनिटाला २८०० फेरे मारत होती आणि तिच्यावरचं चाक १५० मिलिमीटरचं होतं. म्हणजे पट्टा ताशी जवळजवळ ८० किलोमीटर वेगाने धावत होता. त्यातून झिजलेला पट्टा कापत कमी आणि तापवत जास्त.

मी घरी काहीच बोलले नाही. विळी चमकत होती. आजीने कौतुक केलं. ते ऐकताना मला कसंतरीच झालं. तीन दिवसांनी बघितलं तर आजी स्वयंपाकघरात उभी राहून आईच्या सुरीने भेंडी चिरत होती. हळूहळू, चुकत. विळी कोपऱ्यात.

"आजी, विळी का नाही घेतली?"

"असू दे गो. म्हातारी झाली ती. माझ्यासारखीच."

तेव्हा मी सगळं सांगितलं. रडतच. आजीने पातं हातात घेतलं, नखावर धार टेकवून बघितली. "पाणी उतरलं हिचं," ती म्हणाली. "लग्नात आईने दिली होती." रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या शनिवारी बाबा आम्हाला निजव्याला घेऊन गेले. तिथल्या किल्ल्याशेजारच्या बाजारात खंजर मिळतात. ओमानच्या झेंड्यावर जो वाकडा खंजर आहे, तोच. २०२२ मध्ये युनेस्कोने खंजर बनवण्याच्या कलेला आपल्या वारसा यादीत घेतलं. एका दुकानात एक म्हातारे आजोबा पातं हाताने दगडावर घासत बसले होते. त्यांना थोडं हिंदी येत होतं. आजीचं हिंदीही थोडंच. तरी दोघं अर्धा तास बोलले. मी काय केलं ते आजीने त्यांना हातवारे करून सांगितलं. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "श्वय्या, श्वय्या." म्हणजे हळूहळू.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पात्याला पुन्हा पाणी पाजलं. मिश्काक भाजायला इथे कोळसा सगळीकडे मिळतो, तोच आणला. हवा द्यायला आईचा हेअर ड्रायर. (आईला नंतर सांगितलं.) पातं लाल झालं की बाबा त्याला लोहचुंबक लावून बघायचे. चिकटलं, अजून तापवा. चिकटलं, अजून. मग एकदा चिकटलं नाही. "आता!" चेट्टांनी पातं कोमट तेलात बुडवलं. धूर, वास, आणि सगळे गप्प. कानशीने घासलं तर कानस नुसती घसरत होती. म्हणजे पातं कडक झालं होतं. पण इतकं कडक पातं काचेसारखं तुटतं, म्हणून घरी ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोनदा तासतासभर ठेवलं. रंग आला गवताच्या काडीसारखा पिवळसर. निळा नाही!

ग्राइंडरही बदलला. मिनिटाला १४०० फेऱ्यांची मोटर आणि १०० मिलिमीटरचं चाक. आता पट्टा ताशी २६ किलोमीटरने, म्हणजे सायकलसारखा चालतो. नवीन पट्टा लावला. बाजूला पाण्याची बादली. पातं उघड्या बोटांनी धरायचं, एकदा घासायचं, पाण्यात बुडवायचं. बोटाला गरम लागलं की थांबायचं. मला पाऊण तास लागला. आजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होती. मध्येच ओरडली, "खवणीला हात लावू नकोस हं!"

संध्याकाळी तिने सुरमई कापली. पातं आधीपेक्षा थोडं अरुंद झालंय, ते मला दिसत होतं. तिलाही दिसलं असेल. ती काही बोलली नाही, मला फक्त शेपटीकडचा तळलेला तुकडा पहिला वाढला.

जाताना विळी पुन्हा लुगड्यात गुंडाळली गेली, खोबरेल तेल लावून, कारण मस्कतच्या दमट हवेत पोलाद लगेच गंजतं. महिन्याभराने आजीचा फोन आला. आधी सगळ्यांची चौकशी, मग पावसाची बातमी, मग म्हणाली, "शेजारणीचा कोयता आहे गो एक. पुढच्या वेळी घेऊन येऊ?"