वजन कुणाचं, पाठ कुणाची?

गेल्या महिन्यात डोंबिवलीत एक अभ्यासवर्ग झाला. नंतर चहा पिताना एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हाला टोमणा मारला, "तुम्ही म्हणे रोज पहाटे दीड तास लोखंड उचलता. तेवढ्यात पुस्तकाची वीस पानं होतात. चळवळीतल्या माणसाला हे चोचले परवडतात का?" आजूबाजूचे हसले, आम्हीही हसलो. पण लोकलनं कल्याणला पोचेपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. तो आमच्या एकट्याचा नाही, म्हणून हे लिहितो आहोत.

आमचं वय त्रेचाळीस. राहायला कल्याण पूर्वेला, नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये. पहाटे पावणेपाचला उठायचं, रात्री भिजवलेले हरभरे मूठभर खायचे आणि पत्र्याच्या छपराची एक जुनी व्यायामशाळा गाठायची. तिथं वीस किलोची सळई आहे, कडा झिजलेल्या प्लेटा आहेत आणि मे महिन्यात भट्टीसारखी तापणारी हवा आहे. स्क्वाट, डेडलिफ्ट आणि जमेल तसा क्लीन अँड जर्क. साडेसातच्या सुमारास लोकल. एक हात दांडीला, सॅक पोटाशी, ठाण्यापर्यंत श्वास घ्यायलाही शेजाऱ्याची परवानगी लागावी अशी गर्दी. संध्याकाळी तीच गर्दी उलट्या दिशेनं. वीस वर्षं हे असंच चाललं आहे.

पहिल्यांदा जिमची फी भरली तेव्हा आजोबा जिवंत होते. १९७२ च्या दुष्काळात ते मराठवाड्यातून कल्याणला आले आणि बाजारात हमाली करू लागले. शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. म्हातारपणी त्यांची पाठ सरळ होत नव्हती, झोपतानाही कुशीवरच. आमची पावती बघून म्हणाले, "आरं लेकरा, पैशे देऊन वजन उचलतूस? आम्हाला उचलायचे पैशे मिळायचे." घरभर हशा झाला. त्या हशामागचा इतिहास कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

गावगाड्यात आमच्या माणसाच्या वाट्याला जे वतन आलं, त्यात ओझं होतं. अंमलदाराचं सामान एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवणं, सांगावे नेणं, मेलेलं जनावर ओढणं. हाक आली की जायचं, नाही म्हणायची सोय नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच गुलामीविरुद्ध. ही वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं. तोपर्यंत बाबासाहेब गेले होते. गाव सोडून शहरात आलेल्यांच्या पाठीवरचं ओझं मात्र फक्त बदललं. सामानाच्या जागी गोणी आली.

आता दुसरी बाजू बघा. ज्या शरीरानं पिढ्यान् पिढ्या ओझी वाहिली, तेच शरीर १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यासाठी नालायक ठरवलं गेलं. 'लढाऊ जाती' नावाचा सिद्धांत पुढे केला आणि महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला, बेळगावात. म्हणजे मान आणि पगार द्यायची वेळ आली की आमचं शरीर कमकुवत, आणि ओझं द्यायची वेळ आली की तेच शरीर दणकट!

हे जुनं झालं असं वाटत असेल तर एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या व्यायामशाळेत आम्ही एकशे चाळीस किलोची डेडलिफ्ट मारली. तिथल्या एका गृहस्थांनी आधी आडनाव विचारलं, त्यावरून उलगडा होईना म्हणून गाव विचारलं, आणि मग कौतुकानं पाठ थोपटली, "तुमच्या लोकांचं अंग मुळातच दणकट. तुम्हाला काय कष्ट!" पहाटे उठून आठ वर्षं घाम गाळला तो आम्ही, आणि श्रेय गेलं जातीला. त्या दिवशी आम्हाला उत्तर सुचलं नाही. आज देतो. जात कुणाला बळ देत नाही. ती फक्त कुणाच्या बळाचा उपयोग कुणी करायचा हे ठरवते.

म्हणूनच मीराबाई चानूनं टोकियोत ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक घेतलं, तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मणिपूरच्या खेड्यात लहानपणी ती डोंगरावरून लाकडाच्या मोळ्या आणायची. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं, सुवर्ण एका किलोनं हुकलं. कोपराला दुखापत झाली तरी शेवटचा प्रयत्न त्यानं सोडला नाही. त्याच्या घरची पानटपरी आहे. मोळी उचलणारे हात आणि सळई उचलणारे हात तेच असतात. फरक इतकाच की सळई तुम्ही स्वतःसाठी उचलता आणि नको वाटली तर खाली ठेवू शकता. आमच्या आजोबांना गोणी खाली ठेवायची मुभा नव्हती.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, वा, आता दंड फुगवा आणि फोटो टाका! थांबा. खरी गोष्ट पुढेच आहे.

एका १४ एप्रिलला आमच्या भागात रक्तदान शिबिर होतं. आयोजक आम्हीच, पहिल्या रांगेत आम्हीच. तिथल्या मुलीनं दंडाला पट्टा गुंडाळला, मोजलं, पुन्हा मोजलं. १६८ आणि १०४. आम्ही तिलाच म्हणालो, "मशीन बिघडलंय बहुतेक." तिनं दुसरं मशीन लावलं. तोच आकडा. "काका, तुम्हाला आज रक्त देता येणार नाही. डॉक्टरांना दाखवा." पोरांना आम्ही सांगितलं की सकाळी काही खाल्लं नव्हतं म्हणून नाकारलं. घरी बायकोलाही दोन महिने कळू दिलं नाही. एकशे चाळीस किलो उचलणाऱ्याला एक गोळी जड झाली.

आमचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी अर्धांगवायूनं गेले. त्यांनाही बीपी होतं. बरं वाटतंय म्हणून त्यांनी गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. हे सगळं ठाऊक असून आम्ही लपवलं. कारण मनात एक खुळी समजूत होती, व्यायाम करणाऱ्याला आजार होत नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, शुगरही सीमारेषेवर निघाली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी ६.१, आणि ६.५ पासून मधुमेह धरतात. त्यांनी सांगितलं की भारी वजन उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब त्या क्षणी फार वर जातो, म्हणून तो आटोक्यात येईपर्यंत जड वजन बंद. हलकं वजन, चालणं, झोप आणि रोजची गोळी. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. आमच्या घरात सुकट, खारे बोंबील, ठेचा! पहिला महिना जेवण घशाखाली उतरत नव्हतं. व्यायामशाळेत साठ किलोची सळई उचलताना कोपऱ्यातली पोरं कुजबुजायची. एकशे चाळीस उचलण्यापेक्षा ते साठ अवघड होतं.

आमचं हे एकट्याचं दुखणं असतं तर लिहिलं नसतं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. आपल्या वस्त्यांत रात्रपाळ्या आहेत, दोन-दोन तासांचा प्रवास आहे, वडापावावर काढलेली दुपार आहे. ताटातून स्वस्त प्रथिनं एकेक करून काढली जात आहेत. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाचं मांस ताटातून गेलं. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस अंडं आलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्यासाठीचा निधी थांबवला. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. ती कुणाच्या मुलाला मिळावीत, हा राजकारणाचाच प्रश्न आहे. आणि हीच तरुण पोरं मग हजारोंचे डबे आणि कुणीतरी हातात ठेवलेली इंजेक्शनं यांच्या नादी लागतात. पोरांनो, त्या सुईनं दंड फुगेल, पण हृदय आणि मूत्रपिंड तुमचंच आहे. हरभरा, मसूर, अंडी, मासे यांवर आम्ही एकशे चाळीस उचलले आहेत.

आता त्या ज्येष्ठांच्या प्रश्नाकडे येतो. चळवळीतल्या माणसाला हे परवडतं का? आपण बाबासाहेबांच्या रात्रीच्या रात्री जागण्याच्या कथा सांगतो, त्या खऱ्याच आहेत. पण मधुमेहानं आणि पायांच्या वेदनांनी त्यांना किती छळलं, हे आपण भाषणात एका वाक्यात उरकतो. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. अण्णाभाऊ साठे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, नामदेव ढसाळ चौसष्टाव्या. हा त्याग वंदनीय आहे, पण आजार हा आदर्श नव्हे. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितलं, लवकर मरा म्हणून नाही.

आणि छंदांचं म्हणाल तर बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते, त्यांना कुत्री पाळायला आवडायची, बागेची हौस होती, उत्तम पेनांची तर फारच. ते श्रमखात्याचे मंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारं विधेयक त्यांनी मांडलं. ते सहा तास कामगारानं काय करावेत म्हणून वाचवले? माणूस म्हणून जगण्यासाठीच ना?

आम्ही ढोलकी वाजवतो, बेताचीच. जुनी शाईची पेनं दुरुस्त करतो. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो आणि मिरच्या लावल्या आहेत. हिवाळ्यात एखाद्या रविवारी ठाणे खाडीवर रोहित पक्षी बघायला जातो. डॉक्टरांच्या मनाई काळात याच गोष्टींनी आम्हाला सांभाळलं. ज्याच्या बापजाद्यांना हौस करायला उसंत मिळाली नाही, त्यानं छंद जोपासणं यात चैन कसली?

गोळी आता रोज घेतो. बीपी १३० च्या आसपास आहे, आणि डॉक्टरांच्या परवानगीनं सळईवर नव्वद किलोपर्यंत परत आलो आहोत. कदाचित एकशे चाळीस पुन्हा कधीच होणार नाही. होऊ दे.

मागच्या वर्षी आम्ही दहा-बारा जणांनी वर्गणी काढून विहारात बीपी मोजायचं एक मशीन ठेवलं. रविवारी वंदना झाली की टेबल मांडतो. पहिल्या दिवशी सहा जण आले, आता रांग लागते. सगळ्यात जास्त आकडे निघतात ते कार्यकर्त्यांचे आणि त्यांच्या बायकांचे. ज्यांचा आकडा वर जातो त्यांना पालिकेच्या दवाखान्यात नेण्याची जबाबदारी आम्ही वाटून घेतली आहे. नुसता आकडा सांगून माणूस डॉक्टरकडे जात नाही, हे आमच्याहून चांगलं कुणाला माहीत?

तेव्हा मित्रहो, प्रत्येक विहारात, प्रत्येक जयंती मंडळात असं एक टेबल मांडा. डीजेच्या एका तासाच्या पैशांत मशीन येतं. त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनाही आम्ही रविवारी बोलावलं आहे. आधी त्यांचा दंड मोजू, मग वीस पानांचा हिशेब करू.

जय भीम!