चिंचोका, शिंपला, शिंपला

ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येणारी रचना म्हणजे आकृतिबंध, आणि त्या रचनेतला जो सर्वांत लहान गट परत परत येतो ते तिचे आवर्तन. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आकृतिबंध शिकवायचा म्हणजे नेमके काय शिकवायचे, या प्रश्नाला ‘पुढे काय येईल ते ओळखायला शिकवायचे’ असे ठरलेले उत्तर मिळते आणि छापील कार्यपुस्तिकाही तेवढेच विचारतात. पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील एका बालवाडीत दीर्घकाळ शिकवलेल्या प्रस्तुत लेखिकेच्या अनुभवास मात्र असे आले की हा प्रश्न अर्धवट आहे, आणि मुलाची समज खऱ्या अर्थाने कळते ती त्याला आवर्तन हाताने वेगळे काढून दाखवता येते का, यावरून.

बालवाडीतले साहित्य म्हणजे चिंचोके, किनाऱ्यावर वेचलेले शिंपले, सुरूची बोंडे आणि बाटल्यांची बुचे. या भागाला ही रीत नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ तेथेच त्यांच्यासोबत कामाला लागल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नसल्याने परिसरातल्या वस्तूंतूनच शिकण्याची साधने घडवण्यावर त्या दोघींचा भर राहिला. आज दुकानात मिळणारे रंगीत प्लॅस्टिकचे मणी दिसायला देखणे असले, तरी चिंचोक्याचा गुळगुळीतपणा आणि शिंपल्याच्या कडांचा खरखरीतपणा बोटांना जो फरक सांगतो, तो मण्यांत सापडत नाही.

सुरुवातीला मुलांपुढे ‘चिंचोका, शिंपला, चिंचोका, शिंपला’ अशी एकाआड एक मांडणी ठेवली जाई, आणि जवळजवळ सगळीच मुले ती न चुकता पुढे नेत. या यशावर विश्वास ठेवणे धोक्याचे असते, कारण दोनच वस्तू असताना ‘आत्ता ठेवली ती नको, दुसरी ठेव’ एवढा नियम पुरतो आणि आवर्तनाचे भान नसलेले मूलही बरोबर उत्तर देते. मांडणी ‘चिंचोका, शिंपला, शिंपला’ अशी केली की चित्र पालटते. एका चार वर्षांच्या मुलीने तीन आवर्तने नीट पाहून घेतली, पुढे चिंचोका ठेवला, एक शिंपला ठेवला आणि लगेच पुन्हा चिंचोका उचलला. ‘चुकले’ असे न म्हणता तिला पहिल्यापासून प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला सांगितले, तेव्हा तिसऱ्या गटापाशी तिचा हात थांबला आणि ती म्हणाली, “ताई, शिंपले जुळे आहेत.” त्यानंतर “यातला एकदाचा तुकडा मला काढून दे” असे सांगताच तिने तीन वस्तू ओंजळीत घेऊन पुढे केल्या. ‘पुढे काय?’ या प्रश्नाने ही समज कधीच उघड झाली नसती.

येथे एक पथ्य पाळावे लागते. आवर्तन एकदाच मांडून मुलाला पुढचे विचारले, तर त्याने काहीही ठेवले तरी ते चूक ठरवता येत नाही. म्हणून निदान दोन, शक्यतो तीन पूर्ण आवर्तने समोर असावीत.

पुढची पायरी म्हणजे तीच रचना दुसऱ्या माध्यमात नेणे. चिंचोक्याच्या जागी टाळी आणि शिंपल्याच्या जागी मांडीवर थाप घेतली की ‘टाळी, थाप, थाप’ तयार होते, आणि वस्तू बदलल्या तरी रचना तीच राहते हे मुलाला अंगानेच उमगते. (टाळीऐवजी चुटकी सुचवण्याचा मोह आवरावा, या वयात बहुतेकांना ती वाजवता येत नाही आणि सारे लक्ष बोटांकडेच जाते.) दसऱ्याच्या आधी तोरण करताना हाच अभ्यास आपसूक होई: दोन झेंडूंनंतर एक आंब्याचे पान असा क्रम मुले सांगत आणि मोठी माणसे ओवत. मधेच एखादा झेंडू जास्त ओवला गेला, तर मुले तो काढायला लावत. फुले फुकट घालवू नयेत म्हणून तो तसाच राहू द्यावा, हा मोठ्यांचा व्यवहारी सल्ला त्यांना मुळीच पटत नसे.

या कामाचा गणिताशी असलेला संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. अनेक वस्तूंचा गट एकच एकक मानणे, ही आवर्तन ओळखण्यामागची कृती पुढे दहा सुट्यांचा एक दशक करताना आणि पाढे म्हणताना पुन्हा लागते. त्यामुळे मुलांना बोटांनी मांडू देण्याआधी कार्यपुस्तिकेतले गोल रंगवायला लावणे, ही लेखिकेच्या मते उलटी गंगा आहे.

हे करून पाहणाऱ्या शिक्षिकांनी आणि पालकांनी साहित्य निवडताना मात्र डोळ्यांत तेल घालावे. चिंचोके तोंडात, नाकात जाऊ शकतात, म्हणून तीन वर्षांखालील मुलांना ते देऊ नयेत आणि मोठ्या मुलांनाही मोजून देऊन मोजूनच परत घ्यावेत. तुटक्या कडांचे शिंपले आधीच बाजूला काढावेत. गुंजा कितीही सुंदर दिसत असल्या तरी त्यांच्या बिया विषारी असतात, त्यामुळे बालवाडीच्या टोपलीत त्यांना जागा नाही.